पेठेतल्या जुन्या दुकानावरची दगडी चिन्हं: आधी नोंद, मग अर्थ, हात सर्वांत शेवटी

गेल्या दिवाळीच्या तोंडावर सोलापूरच्या पेठेतल्या एका जुन्या कापड दुकानाच्या चौकटीवरची दगडी गजलक्ष्मी मालकांनी हौसेने धुऊन घेतली. माणूस भला, भावनाही चांगली. रंगाऱ्याने बाथरूमच्या फरशीला वापरतात ते ऍसिड बादलीत घेतलं आणि तासाभरात चौकट लख्ख झाली. दोन दिवसांनी मी जवळून पाहिलं. हत्तींच्या सोंडांवरच्या वळ्या गेल्या होत्या आणि लक्ष्मीच्या आसनाखालची अक्षरांची ओळ बोटालाही लागत नव्हती. त्या ओळीचा एकही फोटो कुणाकडे नाही. माझ्याकडेही नाही, आणि त्या दुकानावरून मी वर्षानुवर्षं जातोय.

असं वारंवार घडतं, कारण क्रम उलटा होतो. आधी पाणी आणि रंग, मग अंदाजाने अर्थ, आणि नोंद कधीच नाही. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने करा. चौथा टप्पा संपेपर्यंत कोरीव दगडाला हातही लावायचा नाही.

## टप्पा १: परवानगी आणि कागदपत्रं

दर्शनी भिंत रस्त्यावरून दिसते म्हणून ती सार्वजनिक होत नाही. पेठेतल्या इमारतींत मालक एक, खालचे गाळेधारक दुसरे आणि वर राहणारे भाडेकरू तिसरे, असं हमखास असतं. तिघांशीही बोला. मालकांचा होकार घेऊन कामाला लागलात आणि गाळेधारकांना सांगायचं राहिलं, तर पहिल्याच दिवशी शटरसमोर वाद होतो. जागेचा खटला चालू असेल तर फोटो काढणाऱ्याकडेही संशयाने बघतात. तेव्हा कशासाठी काढताय आणि फोटो कुणाला देणार, हे अर्ध्या पानावर लिहून न्या.

नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा उतारा काढा. जुनी नावं त्यावर मिळतात आणि तिसऱ्या टप्प्यात ती फार उपयोगी पडतात. इमारत वारसा यादीत आहे का, हे महापालिकेत विचारा. भुईकोट किल्ल्यासारख्या केंद्र-संरक्षित स्मारकाच्या जवळ असाल तर अंतरही मोजा. स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. तिथे दुरुस्तीलाही परवानगी लागते. नुसत्या नोंदीला हा नियम आड येत नाही, पण परांची बांधून सांधे भरायला निघालात तर येतो.

तारीख ठरवताना गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस टाळा. संक्रांतीच्या सुमारास नंदीध्वजांच्या (यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्यांच्या) मिरवणुकीच्या मार्गावर शिडीसुद्धा लावू नये. बाजाराच्या सुट्टीची सकाळ सर्वांत चांगली: शटर बंद, गाड्या कमी, समोर टांगलेलं कापडही नाही.

इशारा: दर्शनी भिंतीवरून विजेच्या उघड्या तारा गेलेल्या असतात. त्या बाजूला करायला वायरमनच लागतो. लाकडी काठीने तार उचलून फोटो काढणारे मी पाहिले आहेत. असलं धाडस कुणी करू नये.

## टप्पा २: नोंद

### सोबत काय घ्यायचं

मोबाइल, टॉर्च, मोजपट्टी, कोरी वही, पेन्सिल आणि इंच-सूत दाखवणारी फूटपट्टी. गवंडी आणि पाथरवट अजून सूतात बोलतात (आठ सूत म्हणजे एक इंच), म्हणून पुढे त्यांच्याशी बोलायचं असेल तर तीच मापं लिहून ठेवा. दुर्बीण मिळाली तर उत्तम. शिडी लागत नाही.

### क्रमांक द्या

फोटो काढण्याआधी वहीत दर्शनी भिंतीचा कच्चा आराखडा काढा. चित्रकला येत नसली तरी चालेल, चौकटी आणि कमानी ओळखू आल्या की पुरे. मग प्रत्येक कोरीव दगडाला क्रमांक द्या: खालून वर, आणि आपण समोर उभे असताना आपल्या डाव्या हाताकडून उजवीकडे. पहिला आकडा मजल्याचा, दुसरा दगडाचा. तळमजल्याच्या चौकटीवरची पट्टी १-४ असेल, तर ती कायम १-४ च राहील.

इथे एक चूक फार होते. इमारतीची डावी-उजवी बाजू आपल्या नजरेने लिहायची, पण मूर्तीचे हात, आयुधं आणि सोंड मूर्तीच्या बाजूने. गणपतीची सोंड आपल्याला डावीकडे दिसते तेव्हा ती त्याच्या उजवीकडे वळलेली असते. "उजव्या सोंडेचा गणपती" अशा कित्येक नोंदी नुसत्या या गोंधळामुळे चुकल्या आहेत. त्यात कुणी मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने फोटो काढला असेल तर तो आरशासारखा उलटा आलेला असू शकतो. फोटोत दुकानाच्या पाटीचा एक कोपरा येऊ द्या. अक्षरं सरळ दिसली की फोटो सरळ आहे.

### उजेड तिरपा हवा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. समोरून पडलेल्या उजेडात उथळ कोरीव काम सपाट दिसतं. बाजूने घासून जाणाऱ्या उजेडात प्रत्येक रेघ सावली टाकते आणि दगड वाचता येतो.

मी एका तोड्यावरचं (सज्ज्याला खालून आधार देणाऱ्या दगडावरचं) नक्षीकाम वहीत "कलश" म्हणून लिहिलं होतं. भर दुपारी पाहिलं होतं, रस्त्यापलीकडून. पुढच्या आठवड्यात संध्याकाळी साडेपाचला त्याच दुकानाच्या पायरीवर चहा घेत बसलो होतो. ऊन गल्लीच्या टोकाकडून भिंतीला खेटून आत आलं आणि माझ्या कलशाला दोन चोची फुटल्या. पाठीला पाठ लावलेले दोन पोपट, माना वळवून मधल्या एकाच कणसावर चोच मारणारे. पंखांवरची पिसं खवल्यांसारखी एकावर एक कोरलेली, प्रत्येक पीस जेमतेम दोन सूत. डाव्या पोपटाच्या डोळ्याच्या खाचेत चुन्याचा पांढरा कण अडकलेला होता. दुकानातले काका बाहेर येऊन म्हणाले, "काय बघायलाव एवढं वर?" मी दाखवलं. चाळीस वर्षं ते त्या तोड्याखालून ये-जा करतायत आणि त्यांनीही पोपट पहिल्यांदाच पाहिले. दहा मिनिटांनी ऊन सरकलं आणि पुन्हा कलश झाला.

म्हणून भिंत कोणत्या दिशेला आहे ते आधी पाहा. पूर्वेकडची भिंत सूर्य बराच वर आल्यावर, अकराच्या पुढे बघा. तेव्हा ऊन वरून खाली घसरतं. पश्चिमेकडची भिंत दुपारी साडेबारा-एकच्या सुमाराला. उत्तर-दक्षिण भिंतींवर सकाळ-संध्याकाळचं ऊन बाजूने येतं, पण ते ऋतूप्रमाणे बदलतं. सोलापुरात मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. त्याच्या आधीचे पंधरा दिवस दक्षिणेकडच्या भिंतीवर दुपारचं ऊन सरळ वरून खाली घासत उतरतं. सज्जा आड येत नसेल तर असा उजेड वर्षात क्वचितच मिळतो. उन्हाचा त्रास सोसून ती वेळ गाठावी असं मी सांगेन, डोक्याला टापशी बांधून.

गल्ली अरुंद असेल आणि ऊन पोहोचतच नसेल, तर रात्री टॉर्च. एकाने मोबाइल स्थिर धरायचा आणि दुसऱ्याने टॉर्च दगडाच्या अगदी कडेला, भिंतीशी समांतर धरायचा. डावीकडून एक फोटो, उजवीकडून एक, वरून एक. मोबाइलचा फ्लॅश बंद.

### किती फोटो

प्रत्येक क्रमांकासाठी किमान पाच: एक लांबून, म्हणजे दगड इमारतीत कुठे आहे ते कळेल, एक समोरून सरळ, तीन तिरप्या उजेडातले. जवळ जाता येत असेल तर एका फोटोत फूटपट्टी धरा, दगडाला न टेकवता. खालून वर मोबाइल तिरका धरून काढलेल्या फोटोत मूर्ती बुटकी दिसते, म्हणून समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरून काढायची परवानगी मागा. बहुतेक जण आनंदाने देतात.

इशारा: अक्षरं उठून दिसावीत म्हणून खाचांत खडू, पीठ, पावडर, तेल किंवा कुंकू भरू नका. ते पुरतं निघत नाही आणि पुढच्या माणसाला तुमचीच रेघ मूळ रेघ वाटते. शाई लावून कागदावर ठसा घेण्याचं काम तज्ज्ञांकडे सोडा.

तपासणी: घरी येऊन सगळे फोटो उघडा. आराखड्यातला प्रत्येक क्रमांक फोटोत सापडतो का? न सापडलेले क्रमांक लिहून पुन्हा जा. हे झाल्याशिवाय पुढे सरकू नका.

## टप्पा ३: वाचन

इथे सगळ्यांनाच घाई होते. चिन्ह दिसलं की इंटरनेटवर शोधायचं आणि पहिला सापडलेला अर्थ चिकटवायचा. चिन्हाचा अर्थ त्याच्या जागेवरून, शेजाऱ्यांवरून आणि बांधणाऱ्यावरून ठरतो. त्याच क्रमाने विचारा.

### जागा

चौकटीच्या वरच्या पट्टीच्या मध्यभागी जे कोरलेलं असतं ते बहुतेक वेळा घरमालकाच्या श्रद्धेचं असतं. गणपती असेल, गजलक्ष्मी असेल, लिंग आणि नंदी असतील, पद्मासनातली लहानशी जिनमूर्ती, म्हणजे जैन तीर्थंकराची मूर्ती असेल. तोड्यांवर आणि खांबांच्या माथ्यावर कारागिराचा हात मोकळा असतो. पोपट, मोर, हंस, वेलबुट्टी आणि कमळं तिथे येतात, आणि त्यातलं पुष्कळ नुसतं शोभेचं असतं. प्रत्येक फुलाला गूढ अर्थ चिकटवू नका. कमानीच्या शेंड्यावर मोठ्या डोळ्यांचं, खालचा जबडा नसलेलं तोंड दिसलं तर ते कीर्तिमुख. ते राखणदार आहे. त्याला राक्षस समजून घाबरण्याचं किंवा झाकण्याचं कारण नाही.

### शेजारी

एकटं चिन्ह फारसं काही सांगत नाही. दोन मासे एकटे असतील तर नुसतं शुभचिन्ह. त्याच ओळीत आरसा, कलश, श्रीवत्स आणि नंद्यावर्त असतील तर ते जैन अष्टमंगल, म्हणजे आठ शुभचिन्हांचा संच. सूर्य-चंद्राची जोडी लेखाच्या वर असेल तर "चंद्रसूर्य असेपर्यंत" टिको, हा दानलेखांतला जुना आशय डोळ्यांपुढे ठेवा. तीच जोडी दाराच्या दोन बाजूंना नक्षी म्हणूनही येते. षटकोनी चांदणी दख्खनच्या मशिदींवर दिसते आणि हिंदूंच्या पूजेतल्या यंत्रांच्या आकृत्यांतही. तिच्यावरून मालकाचा धर्म सांगणं चूक.

दोन डोक्यांचा पक्षी म्हणजे गंडभेरुंड, आणि पंजात हत्ती धरलेला सिंहासारखा प्राणी म्हणजे शरभ. या दोघांची अदलाबदल रोज होते. डोकी मोजा आणि पंख आहेत का ते पाहा, मगच नाव लिहा.

### दगड मूळचा तिथलाच का

नक्षीची रेघ दगडाच्या सांध्यावर अर्धवट तुटते का? मूर्ती आडवी किंवा उलटी बसवली आहे का? शेजारच्या दगडांपेक्षा हा वेगळ्या रंगाचा आहे का? असं असेल तर तो दगड जुन्या वास्तूतून आणून बसवलेला असू शकतो. भुईकोट किल्ल्यातही जुन्या मंदिराचे खांब पाहायला मिळतात. अशा दगडाचा अर्थ दुकानाशी जोडायचा नाही, त्याची नोंद वेगळी ठेवायची.

### अक्षरं आणि साल

सोलापुरात लेख मराठीतच असेल असं धरून चालू नका. कन्नड, तेलुगू, उर्दू, गुजराती, इंग्रजी यांपैकी काहीही असू शकतं, आणि मराठी असला तरी लिपी मोडी असू शकते. वाचता येत नसेल तर अंदाज न करता अक्षरांचा आकार वहीत जसाच्या तसा उतरवा आणि ती लिपी जाणणाऱ्याला फोटो दाखवा. या शहरात वेगवेगळ्या भाषांची माणसं एकाच गल्लीत भेटतात, त्याचा फायदा घ्या.

साल दिसलं की आधी ते कोणतं हे ठरवा. शके असेल तर ७८ मिळवा. आपल्याच जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलचा मराठी शिलालेख शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा. विक्रम संवत असेल तर साधारण ५७ वजा करा. गुजराती आणि मारवाडी पेढ्यांवर तोच सापडण्याची शक्यता जास्त. हिजरी सालाला बेरीज-वजाबाकी चालत नाही, कारण वर्ष चांद्र असतं. कोष्टकच पाहावं लागतं. "संवत १९५०" ला इसवी १९५० समजून इमारत सत्तावन्न वर्षांनी तरुण करून टाकलेली मी छापील पत्रकात पाहिली आहे.

साल नसेल तर बांधकाम बघा. रेल्वे सोलापुरात १८६० मध्ये आली आणि पहिली मोठी कापड गिरणी, आपली जुनी मिल, १८७७ ची. सज्जाखाली लोखंडी तुळया असतील आणि त्या नंतर घातलेल्या नसतील, तर इमारत बहुधा रेल्वेनंतरची. त्याच काळात विलायती पद्धतीचे फुलदाणीचे आणि सिंहमुखाचे नमुनेही येतात. गणपतीच्या दोन बाजूंना विलायती पानांची वेल दिसली तर गोंधळू नका. पाथरवटाने दोन्ही नमुने सारख्याच मायेने कोरले आहेत.

### माणसांना विचारा, पण सुचवू नका

"हा गंडभेरुंडच ना, आजोबा?" असं विचारलं की आजोबा हो म्हणतात. "याला तुमच्या घरात काय म्हणायचे?" असं विचारा. जुन्या खातेवह्या, पावत्या, कापडाच्या गाठींवर मारायचे छाप दाखवता का विचारा. दारावरचं चिन्ह आणि पेढीचा छाप एकच निघाला तर तो अर्थ इंटरनेटवरच्या दहा अर्थांपेक्षा भक्कम. मिळकत पत्रिकेवरची नावं इथे ताडून बघा.

इशारा: "चिन्हाखाली धन आहे" ही अफवा तुमच्या तोंडून निघू देऊ नका. तिच्यापायी उंबरे उखडले जातात.

तपासणी: वहीत तीन रकाने करा: "दिसतं ते", "लोक सांगतात ते", "मला वाटतं ते". एका रकान्यातली गोष्ट दुसऱ्यात घुसली असेल तर ती दुरुस्त करा.

## टप्पा ४: दगड कोणता ते ठरवा

साफसफाईतलं मोठं नुकसान या टप्प्याला फाटा दिल्यामुळे होतं. आपल्याकडे सगळ्याला "काळा दगड" म्हणायची सवय आहे. दर्शनी भिंतीवर तीन वेगळी द्रव्यं असू शकतात.

बेसाल्ट, म्हणजे खरा काळा पाषाण, कठीण असतो. त्यात बारीक छिद्रं आणि कुठे कुठे पांढरे खडे दिसतात. शहाबादी हा चुनखडक आहे, ऍसिडने विरघळतो. तिसरी चुनेगच्ची: विटेवर किंवा दगडावर चुन्यात घडवलेली नक्षी, वरून रंग दिल्यावर हुबेहूब दगडासारखी. फुटलेल्या कडेला आत वीट किंवा गिलावा दिसला तर ती चुनेगच्ची.

खात्री करायची तर खाली पडलेली कपची घ्या, कोरीव दगडाला हात लावू नका. कपची खरवडून थोडी पूड काढा आणि व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले तर चुना आहे. बेसाल्टमधल्या पांढऱ्या खड्यावरही बुडबुडे येऊ शकतात, म्हणून पूड काळ्या भागाची घ्या. कपची नसेल तर चुनखडक धरूनच चाला, त्यात नुकसान काही नाही.

## टप्पा ५: साफसफाई

आता हात, तोही कोरडा.

१. मऊ केसांच्या रुंद ब्रशने वरून खाली धूळ झाडा. दगड भुसभुशीत असेल, पापुद्रे सुटत असतील, ब्रशला पूड लागत असेल तर थांबा. तिथून पुढचं काम जतनतज्ज्ञाचं.

२. कबुतरांची विष्ठा कोरडी खरवडू नका, तिची धूळ छातीला वाईट. तोंडाला मास्क बांधा, पाण्याचा हलका फवारा मारून ती ओली करा आणि बांबूच्या चपट्या काडीने काढा.

३. तरीही मळ राहिला तर स्वच्छ पाणी आणि मऊ ब्रश, एका वेळी वीतभर जागा. बोअरचं पाणी वापरू नका. ते क्षारयुक्त असतं, वाळल्यावर पांढरे डाग सोडतं. आधी एका कोपऱ्यात करून आठवडाभर वाट पाहा. अडगळीतला कोपरा निवडा, चेहरा नव्हे.

४. सांध्यात उगवलेला पिंपळ ओढू नका. मूळ दगडासकट येतं. खोड कापा आणि मुळाचं काय करायचं ते जाणकाराला विचारा.

न करायच्या गोष्टी: ऍसिड, सोडा, कपड्याची पावडर, तारेचा ब्रश, दाबाच्या पाण्याचा फवारा, वाळूचा मारा, ग्राइंडर. बर्नरने रंग जाळणंही नाही, उष्णतेने दगडाचे पापुद्रे उडतात.

जुना ऑइलपेंट असेल तर तो तुम्ही काढू नका. जुन्या रंगांत शिसं असू शकतं, आणि खालच्या थरांत मूळ चुन्याचा रंग शिल्लक असेल तर तोही पुरावाच आहे. नवा ऑइलपेंट तर मुळीच नको. भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट हवी असते. रंगाने ती बंद झाली की ओलीबरोबर आलेले क्षार रंगामागे साठतात, फुगतात आणि दगडाचा पृष्ठभाग घेऊनच बाहेर पडतात. सांध्यांच्या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, सिमेंटने भरल्यावर हेच होतं. दर्जा भरायच्याच असतील तर चुना, वाळू आणि सुरखीचं (विटांच्या पुडीचं) मिश्रण, आणि ज्याने चुन्यात काम केलंय असाच गवंडी.

मालक म्हणाले, "दिवाळीला काहीतरी उजळ दिसायला पाहिजे की," तर चिन्हांवर झेंडूचं तोरण लावायला सांगा. दोरी बांधायला दगडात खिळा ठोकायचा नाही, बाजूच्या लाकडी चौकटीचा आधार घ्यायचा.

## टप्पा ६: नोंद सुरक्षित ठेवा

फोटोंना क्रमांक, दिशा, तारीख आणि वेळ ही नावं द्या. वेळ महत्त्वाची, कारण पुढच्या वर्षी त्याच उजेडात तोच फोटो काढला तरच झीज कळते. फोटो व्हॉट्सऍपवर पाठवून मूळ फाइल पुसू नका. तिथे फोटो दाबला जातो आणि बारीक रेघा जातात. मूळ फाइली दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

आराखडा आणि निवडक फोटो कागदावर छापून एक प्रत मालकांना द्या आणि ती मिळकतीच्या कागदांबरोबर ठेवायला सांगा. दुसरी प्रत गाळ्यातल्या काकांना. इमारत विकली गेली, वाटण्या झाल्या किंवा पाडायची वेळ आली, तर १-४ क्रमांकाचा दगड कुठे होता हे त्या कागदावरून कुणालाही सांगता येईल.